मंदावलेला संगणक : आधी संवर, मग निर्जरा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त ओझर येथे आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्म, आरोग्य आणि संस्कार या विषयांच्या पंक्तीत 'घरचा संगणक' हा विषय कसा येऊन बसला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर ट्रस्टच्या कार्यालयातील कपाटातच आहे. पहिल्या तीन दशकांचे कामकाज तेथे कापडी बांधणीच्या वह्यांत जपलेले आहे. सभांची इतिवृत्ते, देणगीदारांच्या याद्या, चातुर्मासाचे जमाखर्च, सारे त्या वह्यांत सापडते. त्यानंतरच्या काळातील बहुतेक कामकाज मात्र संगणकात आहे. घरोघरीही तीच स्थिती झाली आहे. वंशावळ, विवाहसोहळ्यांची छायाचित्रे, गुरुभगवंतांच्या प्रवचनांची ध्वनिमुद्रणे आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासूनची विवरणपत्रे, हे सर्व एका पेटीत सामावले आहे. वही वाळवीपासून कशी जपावी हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. संगणक कसा जपावा हे मात्र आपल्याला कोणी पद्धतशीर शिकविलेले नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. संगणकशास्त्राचा अधिकारी म्हणून मी येथे उभा नाही. व्यवहारात जे पाहिले, वाचले आणि पडताळले, ते दुकानदाराला आणि गृहिणीला उमजेल अशा शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभी आपल्याच परिसरातील एका कुटुंबाची हकिकत सांगतो. नावाची आवश्यकता नाही. त्यांच्या घरचा संगणक सुरू व्हायला पंधरा-पंधरा मिनिटे घेऊ लागला. 'व्हायरस शिरला' असे घरच्यांनी ठरविले आणि तो दुरुस्तीला दिला. दुसऱ्या दिवशी संगणक अगदी चपळ होऊन परत आला, कारण दुरुस्ती करणाऱ्याने तो फॉरमॅट केला होता. म्हणजेच आतील सर्व काही पुसून नव्याने विंडोज भरले होते. त्या संगणकात दिवंगत आजोबांनी स्वतःच्या आवाजात म्हटलेली स्तवने होती. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. यंत्र दुरुस्त झाले, स्तवने गेली. आणि तीन आठवड्यांत संगणक पूर्ववत मंदही झाला, कारण दुखणे व्हायरसचे नव्हतेच. यंत्रातील रॅम अपुरी होती. निदानापूर्वी उपचार झाला की काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

म्हणून प्रथम संगणक मंद का होतो हे समजून घेऊ. कापडाच्या दुकानात तीन गोष्टी असतात. माल दाखविणारा गुमास्ता, ज्यावर माल उलगडून दाखवितात ती गादी, आणि मागचे गोदाम. संगणकातील प्रोसेसर हा गुमास्ता, रॅम ही गादी आणि हार्ड डिस्क हे गोदाम होय. गिऱ्हाईक दोन असतील आणि गादी मोकळी असेल, तर काम झरझर होते. परंतु दहा गिऱ्हाइकांसाठी तागेच तागे उलगडून ठेवले आणि गादीवर तसूभर जागा उरली नाही, तर गुमास्त्याला प्रत्येक वेळी एक तागा गुंडाळून गोदामात ठेवावा लागतो आणि दुसरा काढून आणावा लागतो. गुमास्ता कितीही तरबेज असला तरी त्याचा सारा वेळ हेलपाट्यांत जातो. रॅम भरली की संगणक नेमके हेच करतो. तो हार्ड डिस्कचा काही भाग गादी म्हणून वापरू लागतो आणि आपण पडद्यावरील फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसतो.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये धातूच्या वा काचेच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि एक बारीक दांडी त्यावरील माहिती शोधत असते. नव्या प्रकारच्या एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे माहिती शोधण्याचा वेळ नगण्य होतो. सात-आठ वर्षांचा, अन्यथा धडधाकट असलेला संगणक केवळ एसएसडी बसवून आणि रॅम ४ जीबीवरून ८ जीबी करून पुन्हा कामास लागतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. नव्या संगणकाच्या किमतीचा विचार करण्यापूर्वी या अल्प खर्चाचा विचार अवश्य करावा.

निदान घरच्या घरी कसे करावे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तेथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. ज्या रकान्यातील टक्केवारी सतत शंभराच्या आसपास असेल, तेथे दुखणे आहे. मेमरी भरलेली असेल तर गादी अपुरी आहे. डिस्क सतत शंभर टक्के असेल तर गोदामाचा मार्ग तुंबला आहे. त्याच खिडकीत 'स्टार्टअप ॲप्स' हा विभाग आहे. संगणक सुरू होताच न बोलावता गादीवर येऊन बसणारी मंडळी तेथे सापडतात. ओळखीची आणि अनावश्यक असतील ती बंद करावीत. अनोळखी नाव दिसल्यास जाणकारास विचारूनच निर्णय घ्यावा.

यापुढची पायरी आपल्या व्रतांपैकी एकाशी जुळणारी आहे. अपरिग्रह! डिस्कवर किमान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असावी. एकाच छायाचित्राच्या सात प्रती, कधी काळी उतरवून घेतलेले आणि पुन्हा न पाहिलेले चित्रपट, न वापरलेल्या आज्ञावली, यांचा संचय कमी करावा. दररोज 'शट डाऊन' करणाऱ्यांनी अधूनमधून 'रीस्टार्ट' अवश्य करावे. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे शट डाऊन केल्यावर सुद्धा आतील काही स्थिती जशीच्या तशी जपून ठेवली जाते. रीस्टार्ट केल्यावरच सर्व काही नव्याने सुरू होते.

धुळीचाही विचार करावा. महामार्गालगतच्या आपल्या गावात धूळ कमी नाही. पंख्यात धूळ साचली की आतील उष्णता वाढते आणि प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. संगणक बंद करून, वीजजोड काढून, पेटी उघडावी. त्या उबदार पेटीत मुंग्या अथवा अन्य सूक्ष्म जीवांनी आश्रय घेतलेला असू शकतो, म्हणून पूंजणी वापरताना आपण जी यतना पाळतो तिच यतनेने, मऊ कुंचल्याने ती स्वच्छ करावी. मात्र हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर साफसफाई, तपासणी सर्व बाजूला ठेवून प्रथम माहितीची प्रत काढून घ्यावी. तो आवाज म्हणजे गोदामाचे छत कोसळण्याची पूर्वसूचना असू शकते.

हे सर्व पाहूनही उलगडा न झाल्यास व्हायरसचा संशय घ्यावा. त्याची लक्षणे वेगळी असतात. पेन ड्राइव्हमधील फाइली अदृश्य होऊन त्यांच्या जागी तशाच नावाचे 'शॉर्टकट' दिसतात. इंटरनेटचे मुखपृष्ठ आपोआप बदलते. काही उघडलेले नसताना जाहिराती उगवतात. अँटिव्हायरस आपोआप बंद पडतो. आपल्या नावाने इतरांना न पाठविलेले संदेश जातात. ही लक्षणे आणि मंदपणा एकत्र दिसला की दुखणे गंभीर समजावे.

या 'रोगा'चा इतिहास फार जुना नाही. आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांत पसरलेला पहिला व्हायरस म्हणून जो ओळखला जातो, तो 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या दोन बंधूंनी लिहिला. तो फ्लॉपीवाटे पसरे आणि फ्लॉपी मंद करी. १९९१-९२ मध्ये 'मायकेलअँजेलो' व्हायरसने धास्ती निर्माण केली. दरवर्षी ६ मार्च या तारखेला संगणकातील माहिती नष्ट करण्याची तजवीज त्यात होती.

त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात, एक विलक्षण घटना आकार घेत होती. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे असलेले कैलास काटकर हे दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले आणि कॅल्क्युलेटरवरून ते संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस आढळू लागले, तेव्हा संजय यांनी ते काढून टाकणाऱ्या आज्ञावली लिहिल्या. त्यांतूनच 'क्विक हील' या अँटिव्हायरसचा जन्म झाला. १९९५ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने नोंदलेल्या या कंपनीचे नाव २००७ मध्ये 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' असे झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

ही कथा मी यशोगाथा म्हणून सांगत नाही. तिच्यातील व्यवहारबोध महत्त्वाचा आहे. एकदा स्वच्छ केलेल्या संगणकात दुसऱ्या दिवशी तीच दूषित फ्लॉपी घातली तर आदल्या दिवसाची दुरुस्ती व्यर्थ ठरते. दुरुस्ती ही आतील मळ काढते, बाहेरचा मार्ग बंद करीत नाही. अँटिव्हायरस दारावर उभा राहतो आणि येणाऱ्याची झडती घेतो, हे त्याचे खरे मोल आहे.

आपल्या तत्त्वज्ञानात या विचाराला फार नेमके शब्द आहेत. कर्मांचे आत येणे म्हणजे आस्रव. ते येणे थांबविणे म्हणजे संवर. आणि पूर्वी साचलेल्या कर्मांचा क्षय करणे म्हणजे निर्जरा. नावेला छिद्र पडले असता प्रथम छिद्र बुजवावे आणि मगच आत शिरलेले पाणी उपसावे, हा दृष्टांत आपण पाठशाळेत ऐकला आहे. ही तत्त्वे आत्म्याच्या संदर्भातील आहेत. जड यंत्राला ती लावताना त्यांची आशातना होऊ नये, याचे भान ठेवूनच मी केवळ क्रम समजण्यापुरता त्यांचा आधार घेत आहे. आपण घरी नेमका उलट क्रम ठेवतो. पाणी उपसत राहतो आणि छिद्राकडे पाहत नाही.

छिद्र दुर्लक्षित राहिल्यास काय घडते याचे उदाहरण आपल्या निफाड तालुक्याशी निगडित आहे. आपली द्राक्षे आणि कांदा ज्या न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात, तेथील एका टर्मिनलचे कामकाज जून २०१७ च्या अखेरीस एका हानिकारक आज्ञावलीमुळे ठप्प झाले. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाशी संबंधित होते. त्या आज्ञावलीला 'नॉटपेट्या' म्हणतात. २७ जून २०१७ रोजी ती युक्रेनमधून पसरू लागली, आणि आपणा वाणिज्यवाल्यांनी लक्षात ठेवावे असे म्हणजे, ती तेथील एका लोकप्रिय हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून आत शिरली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरल्यावर ती एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जाण्यासाठी विंडोजमधील ज्या उणिवांचा लाभ घेत होती, त्यांतील एक उणीव बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. त्याच उणिवेतून १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' सुमारे दीडशे देशांत पसरला होता. म्हणजे ठिगळ घरपोच आले होते. अनेकांनी ते लावले नव्हते. शास्त्रकारांनी बंधाच्या कारणांत प्रमादाची गणना का केली असेल, हे अशा वेळी उमगते.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे त्या समूहाच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. या कामात एक विलक्षण अडचण आली. जाळ्यातील संगणकांची व वापरकर्त्यांची मूळ नोंद ठेवणारे त्यांचे मुख्य संगणक जगभर होते आणि ते एकमेकांची हुबेहूब प्रत ठेवीत. एक गेला तर दुसरा आहेच, असा त्यामागचा हिशेब. परंतु सर्व एकमेकांशी जोडलेले असल्याने सर्व एकदमच पुसले गेले. फक्त आफ्रिकेतील घाना देशातील एक संगणक वाचला, कारण हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटला होता! त्या एका तुटलेल्या प्रतीवरून पुढची उभारणी झाली.

हा प्रसंग आपल्या घरच्या संगणकालाही तंतोतंत लागू पडतो. संगणकाला कायम जोडून ठेवलेली बाह्य डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. इंटरनेटवर आपोआप जुळणी करणारी सोय उपयुक्त आहे, परंतु घरची फाइल बिघडली की तेथील फाइलही बिघडू शकते. संगणकापासून अलग करून ठेवलेली प्रत हीच खरी प्रत.

हे शहाणपण आपल्याला परके नाही. मुखोद्गत श्रुतज्ञान दुष्काळात लोप पावू लागले, तेव्हा इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध करण्यात आले, अशी श्वेतांबर परंपरा आहे. पुढे जैसलमेर, पाटण, खंभात अशा परस्परांपासून दूरच्या नगरांतील ज्ञानभांडारांत ग्रंथांच्या प्रती राहिल्या. एका नगरावर संकट आले तरी दुसऱ्या नगरातील पोथी शिल्लक राहावी, यासाठी ही रचना किती उपकारक ठरली हे इतिहास जाणणाऱ्यांना सांगणे नको. आजचे तज्ज्ञ जो नियम सांगतात तो याच जातीचा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. मूळ प्रत संगणकात, दुसरी कपाटातील बाह्य डिस्कवर आणि तिसरी नाशिकला असणाऱ्या मुलाकडे वा इंटरनेटवरील खात्यात, इतके केले तरी पुरेसे आहे.

आता संशय आल्यास करावयाची कृती क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, इंटरनेटचा जोड तोडावा, म्हणजे बाहेर जाणारे व आत येणारे दोन्ही थांबेल. दुसरी, स्वतःच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत काढावी, आज्ञावलींची नव्हे. ही प्रत नव्या डिस्कवर घ्यावी. पूर्वीच्या चांगल्या प्रतीवर ती कदापि लिहू नये. तिसरी, अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करावी. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे डिफेंडर अंतर्भूतच असते. त्यातील 'ऑफलाइन स्कॅन' हा प्रकार विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वी तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेले व्हायरसही सापडण्याची शक्यता वाढते. चौथी, सर्व अद्ययावतीकरणे पूर्ण करावीत. पाचवी, बँक व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदलावेत. एवढ्यानेही दुखणे हटले नाही तरच फॉरमॅटचा मार्ग धरावा, आणि तोही प्रत उघडून पाहिल्यानंतरच. दुरुस्तीला देताना 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' हे पावतीवर लिहून घेण्यास संकोच करू नये. कापड खरेदीत आपण वारावाराचा हिशेब लिहून घेतो, मग आयुष्यभराच्या ठेव्याचा का नको?

संवराचे नियमही थोडेच आहेत. अँटिव्हायरस एकच ठेवावा. दोन ठेवल्यास ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक आणखी मंदावतो. फुकट मिळणारे चोरटे सॉफ्टवेअर घेऊ नये. अचौर्य व्रताचा प्रश्न तर आहेच, शिवाय अशा सॉफ्टवेअरसोबत येणारी 'क्रॅक' नावाची आज्ञावली ही व्हायरसची आवडती सोंगे धारण करते. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले साधे खाते वापरावे. दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नये. ईमेलमधून आलेल्या 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' अशा दोन शेपट्यांच्या फाइलीला हात लावू नये. हाच नियम मोबाइललाही लागू आहे, कारण तोही एक संगणकच होय. विवाहाची निमंत्रणपत्रिका 'एपीके' फाइलच्या रूपात आली तर ती पत्रिका नव्हे, असे खुशाल समजावे.

'तुमच्या संगणकात ३७ व्हायरस सापडले, त्वरित या क्रमांकावर दूरध्वनी करा' अशी लाल पाटी अचानक झळकली, तर ती बहुधा फसवणूकच असते. खोट्याला खरे मानण्याच्या वृत्तीवरच हा सारा व्यापार चालतो. मायक्रोसॉफ्ट कोणाच्याही घरी आपण होऊन दूरध्वनी करीत नाही. संगणक 'वेगवान' करून देणाऱ्या आज्ञावलींबाबतही सावध असावे. 'सीक्लीनर' ही सफाईची नामांकित आज्ञावली २०१७ मध्ये भामट्यांनी तिच्या निर्मात्यांच्या नकळत दूषित केली होती आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाखांहून अधिक संगणकांत पोहोचली होती. सफाईसाठी विंडोजमधील स्वतःची साधने पुष्कळ आहेत.

आणखी एक तातडीची सूचना. विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. ज्यांनी वाढीव मुदतीची योजना घेतली असेल त्यांनी ती कधी संपते हे पाहून ठेवावे. ज्यांचा संगणक विंडोज ११ ला पात्र असेल त्यांनी ते करून घ्यावे. पात्र नसेल तर त्या संगणकावर लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसविता येते, किंवा तो इंटरनेटपासून अलग ठेवून स्तवने ऐकण्यास वा जुनी छायाचित्रे पाहण्यास वापरता येतो. छिद्र बुजविणारा कारागीरच निघून गेला असता त्याच नावेतून बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही.

एखाद्याचा सर्व डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने गाठलेच, तर पैसे देऊन प्रश्न सुटेल असे मानू नये. नॉटपेट्यामध्ये तर कुलूप उघडण्याची किल्लीच अस्तित्वात नव्हती. आर्थिक फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. दुसऱ्याच्या संगणकात जाणूनबुजून व्हायरस सोडणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये गुन्हा आहे. केंद्र शासनाचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २१ फेब्रुवारी २०१७ पासून कार्यरत आहे आणि तेथून सफाईची साधने विनामूल्य मिळतात.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, इतके लक्षात कोण ठेवणार? आपल्या गावाला 'ओझर मिग' ही ओळख देणारा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग १९६४ मध्ये स्थापन झाला. तेथील मंडळी आपल्यातच आहेत. विमान बिघडण्याची वाट पाहून त्याची तपासणी केली जात नाही, ठरावीक उड्डाणतास अथवा काळ भरला की ते उघडले जाते, हे ते सांगतील. आणि आपल्याला तर प्रतिक्रमणाचे वेळापत्रक परंपरेनेच मिळाले आहे. दैवसिक, पाक्षिक, चातुर्मासिक, सांवत्सरिक. त्याच धर्तीवर दररोज काम संपल्यावर संगणक नीट बंद करावा. दर पंधरवड्यास प्रत काढून डिस्क अलग करावी आणि संपूर्ण तपासणी करावी. दर चार महिन्यांनी नको असलेल्या आज्ञावली काढाव्यात आणि धूळ झाडावी. वर्षातून एकदा, ठेवलेली प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते.

या वार्षिक तपासणीसाठी दिवसही मी सुचवितो. कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे ज्ञानपंचमी. या दिवशी ज्ञानभांडारांतील पोथ्या बाहेर काढून, झटकून, कसर लागली नाही ना हे पाहून नव्या वेष्टनात बांधण्याची प्रथा आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, श्रुतपंचमीला, असाच ग्रंथांचा आदर होतो. पावसाळ्याची ओल पोथीत राहू नये ही त्यामागची दृष्टी किती व्यवहारी आहे! त्या दिवशी पोथीबरोबर घरातील संगणकाचीही प्रत उघडून पाहिली, तर आपण परंपरा मोडणार नाही, ती पुढे नेऊ.

विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून ट्रस्टच्या कापडी बांधणीच्या वह्यांचे छायांकन करून घ्यावे, संगणकातील नोंदींच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक ओझरबाहेर ठेवावी. आपल्या पाठशाळेतील मुले-मुली या कामी आनंदाने हातभार लावतील. ज्या घरांत वृद्ध दांपत्य एकटे राहते, तेथे जाऊन त्यांच्या संगणकातील छायाचित्रांची व ध्वनिमुद्रणांची प्रत करून देणे, हीही साधर्मिक भक्तीच होय. पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका काढणाऱ्यांना आपला आवाज ऐकता यावा, एवढीच यामागची भावना आहे.



जय जिनेंद्र!